सापांच्या खोलीतली चिलटं: माशी मारण्याआधी तिचं घर शोधा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्याच घरातला तीन वर्षांपूर्वीचा जुलै आठवला. तुम्ही लिहिलंय की डॅलसच्या अपार्टमेंटमध्ये एका बेडरूममध्ये सहा बॉल पायथन (आफ्रिकेतले छोटे, बिनविषारी अजगर) आहेत, टबांचा रॅक आहे, दोन टबांत नारळाच्या सालीचा भुसा आणि बाकीच्यांत कागद. महिनाभर बारीक काळपट माश्या आहेत, हात नेला की उडायच्या आधी भिंतीवर तुरुतुरु पळतात. व्हिनेगरच्या वाट्यांत चार-दोन पडतात, पण कमी होत नाहीत. आता त्या स्वयंपाकघरात पोचल्यात, बायकोने हात टेकलेत, आणि म्हणून भारतातून आणलेलं डासांचं लिक्विडचं मशीन त्या खोलीत लावायचं मनात आहे.

ते मशीन लावू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आजच ऐका. त्या बाटलीत ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. आपण खोलीतून उठून जातो, खिडकी उघडतो. साप टबात चोवीस तास पडून असतो, तीच हवा घेतो, त्याच वाटीतलं पाणी पितो. स्प्रे, कॉइल, धुरी, डांबर गोळ्या, सगळ्यांची तीच गत. आणि आपल्याकडच्या सवयीने कोणी फिनाईलने फरशी पुसत असेल तर तेही या खोलीत बंद करा. फिनॉल आणि पाइन तेलाचे क्लीनर सरपटणाऱ्या प्राण्यांना घातक असतात. मशीन आधीच एक-दोन रात्री लावलं असेल तर आज प्रत्येक साप हातात घेऊन बघा. अंगाला कंप, डोकं वर-मागे फेकणं, पाठीवर वळवलं तर सुलट होता न येणं, यातलं काही दिसलं तर साप लगेच दुसऱ्या खोलीत, स्वच्छ टबात, कोऱ्या कागदावर हलवा, पाणी बदला आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा. उद्यावर टाकू नका. (तुमच्यात स्पायडर मॉर्फ, म्हणजे त्या नावाच्या रंगनक्षीचा साप असेल तर त्याचं डोकं जन्मतःच डुलतं, ते आनुवंशिक आहे. त्याच्यावरून घाबरू नका, पण डुलणं नेहमीपेक्षा वाढलंय का ते बघा.)

आता माशीकडे. चिलटं म्हणून आपण सगळ्यांना एकाच पिशवीत घालतो, पण सापांच्या खोलीत चार वेगवेगळ्या माश्या येतात आणि एकीचा उपाय दुसरीवर चालत नाही. मेलेली एक माशी पांढऱ्या कागदावर ठेवून फोनच्या कॅमेऱ्याने मोठी करून बघा. तांबूस अंग आणि लाल डोळे असतील तर ती फळमाशी, ती केळ्यांच्या टोपलीतून किंवा कचऱ्याच्या डब्यातून आली. केसाळ, पतंगासारख्या पंखांची, बाथरूमच्या भिंतीवर बसून राहणारी असेल तर ती ड्रेनमधली. काळी, सडपातळ, डासासारखे लांब पाय आणि लांब मिशा असलेली, उडायला दुबळी, ती ओल्या मातीतली. तिला इथे फंगस नॅट म्हणतात. आणि पाठीला कुबड, डोकं खाली घातलेलं, हुसकावल्यावर झटक्याझटक्याने धावणारी, ती फोरिड. तुमचं वर्णन फोरिडचं आहे. म्हणूनच व्हिनेगर फारसं चाललं नाही. फोरिडला आंबलेल्या फळापेक्षा सडलेलं मांस आणि विष्ठा जास्त आवडते. (टबात उडत नाहीत, सापाच्या हनुवटीखाली आणि डोळ्याच्या कडेला काळे ठिपके चालताना दिसतात, पाण्याच्या वाटीत बुडून मरतात, असं काही असेल तर ते माइट्स, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे आहेत. तो वेगळा आजार आणि वेगळं उत्तर.)

जी माशी उडताना दिसते ती या सगळ्या प्रकारातला सगळ्यात लहान भाग आहे. मादी अंडी शेकड्यांनी घालते. आपल्या खोल्यांसारख्या ऊबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे तुम्ही आज शंभर मारल्यात तरी पुढच्या शंभर कुठेतरी अळीच्या रूपात जेवत बसल्यात. त्या कुठे जेवतायत, हा एकच प्रश्न सोडवायचा आहे.

माझं काय झालं ते सांगते. ह्यूस्टनला आमच्याकडे तेव्हा १९ साप होते, बहुतेक बॉल पायथन आणि चार कॉर्न स्नेक. मी प्रत्येक टब उपसला, भुसा फेकला, टब धुतले, व्हिनेगर ठेवलं, निळ्या दिव्याचा सापळा आणला. आठ दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. तीन आठवड्यांनी वैतागून एका रविवारी रॅक भिंतीपासून ओढला आणि टब नुसते बाहेर न काढता प्रत्येक खणाच्या फळीवर टॉर्च आडवा धरून बघितलं. चौथ्या खणात टबाच्या मागच्या कोपऱ्याला केसाएवढी चीर होती. त्यातून लघवी झिरपून फळीवर आली होती, भुशाचे कण चिकटून त्याची पोळी झाली होती, आणि हीट टेप, म्हणजे टब गरम ठेवणारी विजेची पट्टी, तिला खालून ऊब देत होती. पोळीचं टोक सुरीने उचललं तर खाली पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कडेला कोष होते, साळीच्या दाण्यापेक्षा बरेच लहान, तपकिरी, आणि भिंगातून बघितलं तर प्रत्येकाला एका टोकाजवळ दोन बारीक शिंगं. ती शिंगं म्हणजे त्यांची श्वासाची नळी. ती दिसली की फोरिडबद्दल शंका राहात नाही. टब मी धूत होते, पण अळ्यांचा अड्डा फळीवर होता. ती चीर नसती दिसली तर वर्षभर मी माश्या मारत बसले असते.

म्हणून तुम्हीही टबाच्या आत कमी आणि बाहेर जास्त शोधा. रॅक ओढा. फळ्यांच्या कडा, हीट टेपची खाच, रॅकमागची फरशी, भिंतीच्या तळाच्या पट्टीची (बेसबोर्डची) फट, कारपेट असेल तर त्याची कड. कागद घातलेल्या टबांत कागदाचा वरचा थर बदलून खालचा ओला थर तसाच राहिलाय का बघा, घाईत सगळेच हे करतात. सापाने न गिळलेला उंदीर कुठे सरकलाय का बघा. लपायच्या खोक्याखाली हमखास सापडतो. पाण्याची वाटी उचलून तिच्या बुडाखालचा भाग बघा. खायला द्यायचे गोठवलेले उंदीर वितळवायला कुठे ठेवता, ते पाणी कुठे ओतता, तिथला स्पंज किती दिवसांचा आहे? आणि फेकलेल्या विष्ठेची पिशवी कुठल्या डब्यात जाते? माझ्याकडे न खाल्लेले उंदीर आणि घाणीचा कागद घट्ट पिशवीत बांधून उंदरांच्याच छोट्या फ्रीझरमध्ये जातात आणि कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर पडतात. सुरुवातीला नवऱ्याला विचित्र वाटलं, आता तोच आठवण करतो.

उंदीर टबात रात्रभर ठेवायची सवय असेल तर सोडा. बॉल पायथनची ऊबदार बाजू ८८ ते ९० फॅरनहाइट असते, म्हणजे ३१-३२ सेल्सिअस. तिथे मेलेला उंदीर सकाळपर्यंत काय होतो ते वेगळं सांगायला नको. मी दोन तास देते, नाही घेतला तर काढते. बॉल पायथन एखादं जेवण चुकवून काही बिघडत नाही.

अड्डा सापडला की ती घाण फेका, फळी कोमट साबणाच्या पाण्याने घासा, मग एफ-१० किंवा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं पातळ द्रावण लावून बाटलीवर लिहिलाय तेवढा वेळ ओलं राहू द्या, आणि पूर्ण कोरडं करा. कोरडं करणं सगळ्यात महत्त्वाचं, अळीला ओल लागतेच. चिरलेला टब चिकटवत बसू नका, नवा आणा. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका, हे माश्यांसाठी नाही तर साल्मोनेला या जंतूसाठी सांगतेय. बाथटबमध्ये धुतलेत तर नंतर तो नीट निर्जंतुक करा.

आता नारळाच्या भुशाचे दोन टब. त्यात बहुधा फंगस नॅटही असतील, दोन्ही माश्या एकत्र नांदतात. या माशीची अळी ओल्या भुशातली बुरशी खाते, तिचं डोकं काळं चकचकीत असतं. भुसा वरून कोरडा ठेवा, पाणी एका कोपऱ्यात खालपर्यंत ओता म्हणजे दमटपणा राहतो आणि वरचा थर सुकतो. भुशाच्या नव्या, दाबलेल्या विटेवर थेट उकळतं पाणी ओतून गार होऊ द्या, त्यात आलेली बरीच अंडी तिथेच संपतात. खऱ्या झाडांचा, मातीचा जिवंत टब असेल तर बीटीआय नावाचा जिवाणू वापरा. इथे तो ‘मॉस्किटो बिट्स’ म्हणून मिळतो. गॅलनभर पाण्यात चार मोठे चमचे अर्धा तास भिजवायचे, गाळायचं आणि त्या पाण्याने माती भिजवायची. तो डास आणि फंगस नॅटसारख्यांच्या अळ्यांवर चालतो, सापाला त्याचा त्रास नाही. पण फोरिडवर त्याची अपेक्षा ठेवू नका. बरेच जण इथेच फसतात, बीटीआय घालून महिनाभर वाट बघतात. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक, निरुपद्रवी किडे सोडलेत तर तेही बुरशी खाऊन या अळ्यांचं जेवण कमी करतात.

सापळे ठेवाच, पण मोजायला. पिवळे चिकट कागद रॅकच्या बाहेर, भिंतीवर, सापाची शेपूटही पोचणार नाही अशा जागी. टबात कधीच नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचा लहान कॉर्न स्नेक त्यावर चिकटला होता. ओढला तर कातडी निघते. खाण्याचं तेल थेंबथेंब घालत, बोटाने कागद आणि पोट यांच्यामध्ये सरकवत त्याला सोडवायला पाऊण तास लागला. फोरिडसाठी बाटलीत उंदराच्या शेपटीचा तुकडा, थोडं पाणी, साबणाचा थेंब आणि तोंडाला कागदाचा शंकू असा सापळा चालतो. मात्र तो चार दिवसांनी न चुकता घराबाहेर गेला पाहिजे, नाहीतर तुम्हीच त्यांना नवं पाळणाघर उघडून दिलंत. छोटा पंखा खोलीत सतत फिरता ठेवा, या माश्या वाऱ्यात नीट उडू शकत नाहीत. खिडकीच्या साध्या जाळीतून फोरिड आरामात आत येते, बारीक चिलटांची जाळी मागा.

चिकट कागदावर तारीख लिहा आणि दर रविवारी मोजा. अड्डा काढल्यावर माझे आकडे ६१, ४४, १२, ३ असे उतरले. पहिल्या दोन आठवड्यांत विशेष फरक दिसत नाही, कारण आधीचे कोष फुटतच असतात. त्या काळात धीर सोडून स्प्रे मारू नका. तीन आठवड्यांनीही आकडा तसाच असेल तर दुसरा अड्डा राहिलाय, पुन्हा टॉर्च घ्या.

पुढे प्रजनन करायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा, यासाठीच मला या माशीचा राग आहे. फोरिड इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंडी उबवायच्या पेटीत शिरते. निरोगी अंड्याला ती सहसा काही करू शकत नाही, पण घोळक्यातलं एखादं अंडं मेलं, पिवळं पडून खचलं, की त्यावर ती अंडी घालते आणि अळ्या शेजारच्या अंड्याच्या ओलाव्यापर्यंत पोचतात. माझ्या एका मादीची पाच अंडी एकमेकांना चिकटलेली होती. चाळिसाव्या दिवशी झाकण उघडलं तर वास आला, आणि कडेच्या अंड्याच्या खळग्यात अळ्या. ओढून वेगळं केलं असतं तर शेजारचं कवच फाटलं असतं. नखं कापायच्या छोट्या कात्रीने मेलेलं अंडं वरून कापलं, आतलं सगळं चमच्याने काढलं, कोरड्या कापसाने पुसलं, बाकीची चार तशीच्या तशी उचलून नव्या डब्यात नव्या व्हर्मिक्युलाइटवर (ओल धरून ठेवणाऱ्या खनिजाच्या भुग्यावर) ठेवली. ठेवताना वरची बाजू वरच राहील हे बघितलं. डब्यावर पातळ प्लास्टिकची घट्ट फिल्म, आठवड्यातून एकदा मिनिटभर उघडून हवा. अठ्ठावन्नाव्या दिवशी चारही पिल्लांनी कवच चिरलं. तेव्हापासून अंडी असताना खोलीत एक जरी फोरिड दिसली तरी मी त्याच दिवशी रॅक ओढते.

सापाच्या अंगावर जखम असेल, उंदराने चावलेली किंवा अडकलेल्या कातेची, तर तो साप बरा होईपर्यंत दुसऱ्या खोलीत कागदावर ठेवा. उघड्या जखमेत या माश्या अंडी घालू शकतात.

बायकोला सांगा की स्वयंपाकघरातल्या माश्या वेगळ्याही असू शकतात. रात्री सिंकच्या भोकावर पारदर्शक टेप चिकट बाजू खाली करून लावा, सकाळी त्यावर माश्या सापडल्या तर तिथला अड्डा पाइपमधल्या चिकट थरात आहे. तो ब्लीचने जात नाही, लांब ब्रशने खरवडावा लागतो. साप निर्दोष निघाले तर घरातलं वातावरणही निवळेल.

महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल तर एवढं सांगते: धामण, नाग, अजगर असे आपल्याकडचे साप घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारखा परदेशी साप साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो आणि त्याची नोंद २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. वरचं सगळं रीतसर नोंद असलेल्या प्राण्यांसाठीच आहे.

तुम्ही आज एवढंच करा: रॅक ओढा, टॉर्च आडवा धरून प्रत्येक फळीचे फोटो काढा, आणि एका माशीचा जवळून काढलेला फोटो टाका. कुबड दिसलं तर आपण बरोबर वाटेवर आहोत. फोटो अंधुक आला तर कोष शोधा, तो हलत नाही, त्याचा फोटो नीट येतो.