कडुनिंबाच्या पाण्यातल्या अर्काला झोन येत नाही

तू लिहिलंयस की कडुनिंब, तुळस, अडुळसा यांच्या पानांच्या पाण्यातल्या अर्काला स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूवर झोन (अर्काभोवती जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) नाही, इथेनॉलच्या अर्काला 14 मिलिमीटरचा आला आणि ई. कोलाय या दुसऱ्या जिवाणूवर दोन्हींचं काहीच नाही. मग पानात काही नसतंच का?

आधी सांग, नुसत्या इथेनॉलची वेल (जिवाणू वाढवायच्या अगारच्या, म्हणजे जेलीच्या, प्लेटमध्ये अर्क भरायला पाडलेलं भोक) ठेवली होतीस का? मी एम.एस्सी.ला दोन महिने तुळशीचे झोन मोजत बसले. शेवटी नुसता सॉल्व्हंट (अर्क ज्यात काढला तो द्रव) टाकून बघितला तर 11 मिलिमीटर! वहीतले सगळे आकडे खोडावे लागले. इथेनॉल पूर्ण उडवायचं, उरलेला चिकट काळपट गोळा वजन करून 10 टक्के डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा, आणि एक वेल फक्त त्या डीएमएसओचीही ठेवायची. शिवाय 14 मध्ये वेलचे 6 मिलिमीटर धरलेले असतात, हे विसरू नकोस.

पाण्यातल्या अर्काचा शून्य मला फारसा खुपत नाही. कडुनिंबातलं निंबोलाइड, तुळशीतलं युजेनॉल ही जिवाणूंवर चालणारी मंडळी पाण्यात धड विरघळत नाहीत. जे थोडंफार उतरतं तेही अगारमधून सरकायला आळशी. म्हणून ब्रॉथमध्ये (पातळ पोषक द्रवात) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं सगळ्यात कमी प्रमाण, काढ, तिथे रेणूला प्रवास करावा लागत नाही. हिरव्यागार अर्कात जिवाणू वाढल्याचा गढूळपणा दिसणार नाही, म्हणून रिझाझुरिन हा निळा रंग टाक. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचं गुलाबी होतं.

ई. कोलायचं म्हणशील तर तो ग्रॅम निगेटिव्ह गटातला, म्हणजे वरून एक जास्तीचं बाह्य आवरण, आणि आत आलेलं बाहेर फेकणारे पंपही. बहुतेक पानांना तिथे नन्नाचाच पाढा. तुझा निकाल चुकलेला नाही, तसाच लिही.

आता पानं. एप्रिलमध्ये गच्चीवर वाळवलीस ना? नागपूरच्या त्या उन्हात तुळशीचा वास दुपारपर्यंत उडतो, आणि वास गेला म्हणजे युजेनॉलही गेलंच समज. मग कूलरच्या खोलीत ठेवावीत, तर त्या ओल्या हवेत दोन दिवसांत काळी पडून बुरशी धरतात (माझी धरली होती, आईने सगळी कचऱ्यात टाकली). कूलर नसलेल्या खोलीत, वर्तमानपत्रावर, पंख्याखाली पसरव. बोटांत चुरली की कुरकुरून भुगा व्हायला हवा, पण रंग हिरवाच राहायला हवा आणि वासही.

पाण्याचा अर्क रात्रभर टेबलावर ठेवलास तर सकाळी आंबूस वास येतो. त्यात पानावरचेच जिवाणू वाढलेले असतात. काढल्या काढल्या 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून घे. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) नको, वासाचं तेल त्यातही जातं.

रिपोर्टमध्ये ‘औषधी गुण सिद्ध’ असं मात्र लिहू नकोस. प्लेट म्हणजे पेशंट नव्हे, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) पहिला प्रश्न त्यावरच येईल. डीएमएसओच्या वेलचा फोटो इथेच टाक, बघते.