दिव्याची मान का वाकते?

प्रश्न : माझे वडील अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आरेखक होते. त्यांचा स्प्रिंगांचा लोखंडी टेबल-दिवा आजही हवा तेथे थांबतो. मुलीसाठी गेल्या वर्षी घेतलेला लवचीक मानेचा दिवा मात्र सहा महिन्यांतच वहीवर माथा टेकू लागला. असे का व्हावे? – एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपल्या वडिलांचा दिवा ज्या कुळातला आहे, त्याचे मूळ मोटारीच्या चाकांपाशी सापडते. इंग्लंडमधील जॉर्ज कार्वर्डाइन हे मोटारींच्या सस्पेन्शनवर, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगांच्या रचनेवर, काम करणारे अभियंते होते. स्प्रिंगांच्या आधारे वजन कसे तोलून धरता येईल, याच्या अभ्यासातून हाती आलेल्या रचनेचे पेटंट त्यांनी १९३२ मध्ये घेतले आणि त्यातूनच पुढे ‘अँगलपॉइज’ हा दिवा घडला. दिव्याचा दांडा आडवा होत जातो तसा डोक्याचा भार त्याला अधिक जोराने खाली ओढतो आणि दांडा उभा केला की ही ओढ कमी होते. स्प्रिंगांची टोके अशा नेमक्या जागी अडकवलेली असतात की त्यांची उलट दिशेची ओढही भाराच्या ओढीबरोबरच कमी-जास्त होत राहते. म्हणून तो दिवा स्क्रू न आवळताही कोणत्याही कोनात स्थिर राहतो.

लवचीक मानेत असा तोल मुळीच नसतो. तेथे धातूच्या वेढ्यांचे एकमेकांशी होणारे घर्षणच भार पेलते आणि रोजच्या वळवण्याने वेढे सैल झाले की मान हार मानते. नवा दिवा दिसायला ऐटबाज असेल, परंतु त्याच्या कर्त्याने विचार आकाराचा केला, भाराचा केला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तूर्त मान बुडापाशी सरळ उभी ठेवून केवळ वरचा तुकडा वळवावा, म्हणजे डोके बुडापासून फार दूर जाणार नाही. जुन्या दिव्यात एलईडी बल्ब लावणार असाल तर तो हलका पाहून घ्यावा, कारण काही एलईडी बल्ब जुन्या तारेच्या बल्बपेक्षा जड असतात आणि तेवढ्यानेही स्प्रिंगांचा तोल ढळू शकतो.

प्रश्न : आमचे घर लहान आहे. भिंतीला घडी करून लावायचे टेबल घ्यावे काय? – एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : अवश्य घ्यावे, मात्र टेबलापेक्षा भिंत आधी तपासावी. नव्या इमारतींतील हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा स्क्रू धरत नाही, त्यासाठी वेगळे फास्टनर मिळतात. फळीला दोन सुट्या बिजागऱ्यांऐवजी पूर्ण लांबीची पट्टी-बिजागरी असावी. लिहिण्या-जेवण्यासाठी उंची सुमारे ७५ सेंटिमीटर ठेवावी.

प्रश्न : आजीचे तांब्याचे मठारलेले घंगाळ माळ्यावर पडून आहे. ते उलटे टांगून त्याचा दिवा करावा असा विचार आहे. भांडी बाजारातील कारागीर भोक पाडून द्यायला तयार आहेत. – एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : कल्पना सुरेख आहे, परंतु भोकाची घाई करू नये. भोक पडलेले घंगाळ पुन्हा पाण्याचे होत नाही. ते उलटे कशाला करायचे? घंगाळाला दोन बाजूंना कड्या असतातच. त्यांत साखळ्या अडकवून ते सुलटेच टांगावे आणि आत एलईडी दिवा ठेवून प्रकाश छताकडे सोडावा. छत पांढरे असेल तर तेथून परतणारा मऊ उजेड खोलीभर पसरतो, डोळ्यांत दिवा खुपत नाही आणि वायरही साखळीच्या कडेने उतरते. कड्या काठाजवळ असून भांड्याचा बराचसा भार त्यांच्या खाली राहतो, त्यामुळे ते कलंडण्याची भीतीही कमी असते.

आपल्या भांड्यांतील हा तोलाचा विचार परक्या नजरेलाही जाणवला होता. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दाम्पत्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी लिहिलेल्या अहवालात साध्या लोट्याची मनापासून वाखाणणी केली आणि तो भरलेला व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, हा मुद्दाही त्यांनी विचारात घेतला. त्याच अहवालाच्या प्रेरणेने १९६१ मध्ये अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

आतील तांबे घासून लख्ख ठेवल्यास उजेडाला तांबूस छटा येईल आणि मठारकामाच्या खळग्यांमुळे तो थोडा विखुरला जाईल. पांढरा उजेड हवा असेल तर आतून कल्हई करून घ्यावी. आकडा मात्र पीओपीच्या छतात नव्हे, वरच्या स्लॅबमध्येच बसवावा. भांडे धातूचे असल्याने तीन तारांची वायर वापरून अर्थिंगची तार घंगाळाला पक्की जोडावी आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.