आरडीचे ५७ हजार आन अहमदाबादची हवेली

ताईंचा मेसेज बराच लांब होता, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई हिंगणघाट तालुक्यातल्या एका खेड्यातल्या. घरची आठ एकर कास्तकारी, पऱ्हाटी आन तूर, आन ताई स्वतः घरी शिलाई करतात. त्या शिलाईतून महिन्याला ३,००० ची अठरा महिन्यांची आरडी त्यांनी बँकेत लावली, ती ५ फेब्रुवारीला पिकते, हातात साधारण ५६,९०० येतील. त्यांना नवरा, दोन पोरं आन सासूबाई असं पाच जणांनी अहमदाबादच्या जुन्या शहरात एका हवेलीचं हॉटेल केलंय तिथं राहायचंय, संक्रांतीला, तीन रात्री, दोन रूम. हॉटेलवाला सणाचा रेट सांगून राहिला ७,००० एका रूमचा. आरडी पिकायच्या आधीच संक्रांत येते म्हणून ताई विचारतात, आरडी मोडू का नो कॉस्ट ईएमआय घेऊ. नवरा म्हणतो, "घर तर आपलंही जुनंच हाये, त्यात झोपाले पैसे कायले द्याचे?" आन दीर म्हणतो पन्नास हजार म्युच्युअल फंडात टाका, वीस वर्षांत पाच लाख होतील.

ताई, जा तुम्ही. फक्त संक्रांतीला जाऊ नका आन दोनच रात्री राहा.

आधी तुमचा हिशोब पाहू. दोन रूम, तीन रात्री, ७,००० नं झाले ४२,०००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे ४४,१००. रेल्वेचे तुम्ही ८,००० धरले, खाणंपिणं-ऑटोचे १०,०००. एकूण ६२,१००. म्हणजे अठरा महिने मशीनवर बसून जमवलेलं सगळं तर जातेच, वरून पाच हजार कर्ज. ईएमआयचं नाव नो कॉस्ट असलं तरी प्रोसेसिंग फी आन तिच्यावर १८ टक्के जीएसटी बरेचदा लागते, आन रोख दिल्यावर जो डिस्काउंट मिळतो तो बरेचदा मिळत नाही. आरडी आधी मोडली तर बहुतेक बँका व्याजदरातून अर्धा-एक टक्का कापतात, ते तसं फार नाही, पण एका सणाच्या रेटसाठी कशाला?

संक्रांत म्हणजे तिकडची उत्तरायण, १४ आन १५ जानेवारी. आपल्याकडे तिळगूळ वाटून दिवस संपतो, तिथं अख्खं शहर गच्चीवर असते. पतंगासाठी त्या जुन्या घरांच्या गच्च्या सुद्धा भाड्यानं जातात, मग रूमचं काय विचारता. पोरांना पतंग दाखवायची हौस मी समजू शकतो, पण त्या दोन दिवसांत तुम्ही घराचे पैसे देत नाही, गच्चीचे देता.

त्यापेक्षा १९ फेब्रुवारी धरा. शिवजयंतीची सुट्टी आपल्याकडे आहे, तिकडं नाही, म्हणून तिथं गर्दी वाढत नाही. तेव्हा रेट ५,५०० आहे असं तुम्हीच लिहिलंय. थंडी सरत आलेली असते, ऊन अजून चढलेलं नसते, आन मुख्य म्हणजे आरडी तोवर पिकलेली असते. रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडते, म्हणजे २० डिसेंबरच्या आसपास नवजीवनचं किंवा हावडा-अहमदाबादचं तिकीट काढून ठेवा. तेवढे ८,००० सध्याच्या लग्नसराईच्या ब्लाउजच्या पैशातून निघतील, तुमच्याच मेसेजवरून काम बरंच दिसते.

आता भाऊंचं, म्हणजे तुमच्या नवऱ्याचं म्हणणं. मी आधी हसलो पण प्रश्न बरोबर आहे. या हवेल्या असतात पोळात. पोळ म्हणजे आपल्या पोळ्याचा पोळ नाही बरं, तिकडं जुन्या शहरातल्या बंद गल्लीला पोळ म्हणतात. वेशीसारखं एक दार, आत चिकटून चिकटून घरं, मधे पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा. अहमदशाहानं १४११ मध्ये हे शहर वसवलं आन २०१७ मध्ये युनेस्कोनं ते जागतिक वारसा शहर ठरवलं, भारतातलं पहिलं. घरं तीन-तीन माळ्यांची, अरुंद, सागवानी खांब, कोरलेल्या तुळया, मधे उघडा चौक. भिंतीत लाकडाची जोडणी असल्यामुळे २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथले नवे फ्लॅट पडले पण हे जुने वाडे बरेचसे उभे राहिले. आपलं घर जुनं आहे ते मातीचं आन कवेलूचं, त्याची डागडुजी आपण पावसाच्या आधी स्वतः करतो. त्या सागवानाला वाळवीपासून वाचवणं, चुन्याचं काम करणारा मिस्त्री शोधणं, हे सगळं मालकाला बाहेरून विकत घ्यावं लागते, आन विकायला त्याच्याकडे रूम असतात सात नाहीतर आठ. शंभर रूमच्या हॉटेलात हाच खर्च शंभर जणांत वाटला जातो. म्हणून रेट वर. लूट आहे असं मला वाटत नाही, पण ५,५०० च्या वर त्यात तुम्हाला वेगळं काही मिळते असंही वाटत नाही.

मी चार वर्षांपूर्वी अशाच एका घरात एक रात्र राहिलो होतो. पहिल्याच मिनिटाला बुटक्या दाराला कपाळ आपटलं, ते सोडा. सकाळी तिथल्या पोरानं चौकातल्या फरशीवरचं एक पितळी झाकण उघडून दाखवलं, खाली टांकं, म्हणजे पावसाचं पाणी साठवायची खोली. थंडगार वास वर आला, मी आत वाकून हाक मारली तर तीच हाक थोडी जाड होऊन परत आली. तीन उन्हाळे टँकरची वाट पाहणाऱ्या गावातून गेलेल्या माणसाला ते झाकण पाहून काय वाटते ते मी नाही सांगत, तुमचे भाऊच पाहतील. पण हेही सांगतो की त्या दिवशी मी सकाळी नऊला बाहेर पडलो आन रात्री दहाला झोपायला आलो, म्हणजे पैसे वाड्याचे दिले आन वापर लॉजसारखा केला. घरात दिवसाउजेडी दोन-तीन तास नुसतं बसायचं नसेल तर स्टेशनजवळ हजार-बाराशेची रूमच बरी.

म्हणून दोन रात्री, आन एकच मोठी रूम घ्या, त्यात दोन जास्तीच्या गाद्या. गादीचे ९०० धरले तर ५,५०० अधिक १,८००, झाले ७,३००. इथं एक बारीक गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० पर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की सरळ १८, आन गादीचे पैसे त्यातच मोजले जातात. ७,३०० वर ३६५ रुपये टॅक्स लागते, तेच ७,६०० झालं तर १,३६८. तेव्हा घासाघीस करायची तर गादीच्या दरावर करा. दोन रात्रीचे झाले १५,३३०. रेल्वे ८,०००, खाणं आन ऑटो ८,०००. एकूण ३१,३३०. म्हणजे आधीच्या निम्मे, आन आरडीतून पंचवीस हजाराच्या वर उरतात.

ते उरलेले कुठं टाकायचे? दिरानं सांगितलेला हिशोब तसा खोटा नाही, दरवर्षी १२ टक्के सापडले तर पन्नासचे वीस वर्षांत पावणेपाच लाखाच्या आसपास होतात. पण बाजार तसं लिहून देत नाही, आन तुमच्याकडे बैल बसला, मोटार जळाली, पोरगं आजारी पडलं तर मोडायला दुसरं काहीच नाही. आधी हे पंचवीस हजार एका साध्या एफडीत ठेवा जी कधीही मोडता येते, आन नवीन आरडी सुरू करा, त्यातून हजाराची एसआयपी, म्हणजे फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम, पुढच्या वर्षी पाहू. (दिरानं मागच्या दिवाळीत नवीन मोटारसायकल घेतली असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा वीस वर्षांचा हिशोब त्यानं केला होता का ते विचारा एकदा.)

आता ज्या गोष्टीवर तुम्ही एकच ओळ लिहिली त्यावर मला जास्त बोलायचंय. सोसायटीचं १,२०,००० पीक कर्ज, ३१ मार्चपर्यंत भरायचं, आन घरात २२ क्विंटल कापूस भाव वाढेल म्हणून पडून. ३ लाखापर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर केंद्राची आन राज्याची व्याज सवलत मिळून आपल्याला शून्य टक्के पडते. मुदत चुकली तर ७ टक्क्यांनी वर्षाचे ८,४०० गेले. हवेलीची एक रूम ५,५०० ची, टॅक्स धरून ५,७७५, म्हणजे ३१ मार्च चुकवणं म्हणजे तिथं जवळजवळ दीड रात्र न राहताच पैसे देणं. माफी होईल म्हणून थांबणारे गावात बरेच असतील, झाली तर झाली, पण मुदतीचा फायदा हातचा घालवू नका.

२०२५-२६ च्या हंगामात सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ज्या हमीभावानं घेते तो लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० आहे. २२ क्विंटलचे पूर्ण भावानं १,७८,००० च्या वर होतात, प्रतवारीत थोडं कमी धरा. पूर्ण भाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत, १२ च्या वर घेतच नाहीत, म्हणून सकाळी दव पडलेला कापूस भरून नेऊ नका. खेडा खरेदीवाला अंगणात येऊन रोख देते हे खरं, पण किती कमी देऊन राहिला ते एकदा मोजा. जानेवारीत विका, चुकारे आले की आधी सोसायटीत जाऊन पावती आणा, मग बॅगा भरा. भाऊ तिकडं निवांत बसतील तर ते या पावतीनं बसतील, सागवानाच्या खांबानं नाही.

बुकिंगचं एक. पैसे परत न मिळणारा स्वस्त रेट घेऊ नका. मी एकदा दुसऱ्या एका गावच्या हॉटेलात ९०० रुपये वाचवायला तसा घेतला, निघायच्या आदल्या दिवशी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं आन ९,४०० बुडाले. आपली तर कास्तकारी, हरभरा सवंगायच्या टायमाला आभाळ आलं की कोण निघते? ॲपवर पाहून झाल्यावर हॉटेलला सरळ फोन करा, कमिशन वाचते म्हणून बरेच जण थोडं कमी करतात नाहीतर नाश्ता देतात.

फिरायला फार खर्च नाही. साबरमती आश्रमाला तिकीट नाही, सासूबाईंनी सेवाग्रामची बापू कुटी पाहिलीच असेल, १९३६ मध्ये गांधीजी तिथं आले त्याच्या आधीचं हे घर, १९१७ ते १९३० चं. महापालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून निघून जामा मशिदीपर्यंत जाते, पोरांना तो करवा. रात्री माणेक चौकात खा, हॉटेलात जेवू नका. दारूबंदी तिकडंही आहे आन आपल्या वर्ध्यातही, तो खर्च तुम्ही धरलाच नव्हता.

आन फोनवर सगळ्यात आधी हे विचारा की खालच्या माळ्यावर, चौकाला लागून रूम आहे का. या घरांचे जिने लाकडी, उभे, शिडीसारखे असतात, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते, सासूबाईंचे गुडघे तुम्ही लिहिले आहेत. संडास कमोडचा आहे का तेही विचारा. ऑटो कुठवर येतो आन तिथून बॅगा घेऊन किती चालायचं, तेही. खालची रूम नाही म्हणाले तर दुसरी हवेली पाहा, तारीख हलवली तरी चालेल, त्यांना वर चढवू नका.