फोंड्यातल्या फ्लॅटमध्ये आईच्या सोबतीला कुत्रा घ्यायचाय, पग जातीचा घ्यावा की शिह त्झू?

पग नकोच. नाक चपटं; आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात त्याला धाप लागते, कधी जिवावरही बेततं. शिह त्झूचंही नाक आखूड, वर ते लांब केस रोज विंचरायचे. तुमच्या आईंना झेपेल?

माझं मत इंडियन स्पिट्झला. आपल्या हवेत रुळलेला, माणसाला लळा लावणारा. भुंकतो मात्र फार, शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

पावसाळ्यात फिरवून आणलं की पंजाच्या बेचक्या कोरड्या पुसा आणि कानामागे बोट फिरवून गोचीड बघा. आमच्या चिकूच्या कानामागे तुरीच्या दाण्याएवढा सापडला होता, केसांत दिसलाच नव्हता. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तशी. आणि हुमणातले (माशाच्या कालवणातले) काटे लाडानंसुद्धा घालू नका.