निकाल आधीच ठरलेला असतो, तरी जुन्या रेसलिंग शोंच्या आठवणी इतक्या का निघतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असताना ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या रेसलिंगबद्दल लोक इतक्या जिव्हाळ्याने का बोलतात, ही पहिली. आणि आज कोणी नव्याने बघायला बसलं तर कुठून सुरुवात करावी, ही दुसरी. पहिल्याचं उत्तर मला एका सोमवारच्या रात्रीत सापडतं, म्हणून तिथूनच सांगतो.

4 जानेवारी 1999. त्या काळी अमेरिकेत दर सोमवारी रात्री दोन कंपन्यांची टीव्हीवर समोरासमोर झुंज चालायची. एकीकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचा (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचा) 'रॉ', दुसरीकडे डब्ल्यूसीडब्ल्यूचा 'नायट्रो'. त्या दिवशीचा रॉ आधीच चित्रित झालेला होता आणि नायट्रो थेट चालू होता. नायट्रोच्या समालोचकाने, वरून आलेल्या सूचनेप्रमाणे, प्रेक्षकांना सांगून टाकलं की तिकडे आज मिक फोली चॅम्पियन होणार आहे, आणि वर त्याची खिल्लीही उडवली. निकाल फोडला की तिकडे कोण कशाला जाईल, असा त्यांचा हिशोब होता. झालं उलटंच. सुमारे 6 लाख लोकांनी तिथल्या तिथे चॅनल बदलला आणि रॉ लावला.

त्यांना निकाल कळलेला होता आणि नेमका तोच बघायला ते गेले. कारण फोली हा वर्षानुवर्षं मार खाणारा माणूस होता. ना पिळदार शरीर, ना देखणा चेहरा. जून 1998मध्ये पिट्सबर्गला अंडरटेकरने त्याला सुमारे 16 फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून समालोचकांच्या टेबलावर फेकलं होतं. तो परत वर चढला, तर छत मोडून खाली रिंगमध्ये कोसळला. अशा माणसाच्या हातात चॅम्पियनशिपचा पट्टा येतानाचा क्षण कोणाला चुकवायचा नव्हता. 4 जानेवारीच्या त्याच रात्री नायट्रोवर हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला नुसतं बोट लावलं, नॅश आडवा पडला आणि जगज्जेतेपद होगनकडे गेलं. लोकांनी त्या कंपनीला हे कधीच माफ केलं नाही. ठरलेला निकाल दोन्हीकडे होता. पण फोलीच्या विजयामागे त्याने सोसलेली कित्येक वर्षं होती आणि इकडे महिनोन्महिने ज्याची वाट बघायला लावली त्याचा एका बोटात चुराडा केला होता.

म्हणून माझं उत्तर असं की जुने चाहते आठवतात ती मॅच खरी तर त्या रात्रीपुरती नसते. तिच्या मागे साठलेले महिने त्यांना आठवतात. हे सर्वांत चांगलं बघायला मिळतं ते रँडी सॅव्हेज आणि मिस एलिझाबेथच्या कथेत. रेसलिंगने सांगितलेली याहून सुंदर गोष्ट मला माहीत नाही, त्यामुळे तिच्यावर जरा रेंगाळतो.

सॅव्हेज हा तापट, संशयी, घोगऱ्या आवाजाचा खलनायक. एलिझाबेथ त्याची व्यवस्थापक. शांत, जवळजवळ न बोलणारी. तो तिच्यावर ओरडायचा, ती त्याच्यासाठी रिंगच्या दोऱ्या फाकवून धरायची. प्रत्यक्षात ते 1984च्या अखेरीपासून नवरा-बायको होते, पण पडद्यावर हे कोणी बोलत नसे. 1987च्या शरद ऋतूत तिघंजण मिळून सॅव्हेजला बडवत असताना एलिझाबेथ धावत आत गेली आणि होगनला घेऊन आली. त्या एका मदतीतून सॅव्हेज आणि होगनची जोडी जमली. मार्च 1988मध्ये चौथ्या रेसलमेनियात, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात, सॅव्हेज एकाच रात्रीत चार लढती खेळून चॅम्पियन झाला. होगन त्याच्या बाजूने उभा होता, एलिझाबेथ दोघांच्या मध्ये. आणि तिथूनच सॅव्हेजच्या डोळ्यांत शंका दिसू लागली. होगनने एलिझाबेथला उचलून धरलं की त्याची नजर बदलायची. कोणी मुद्दाम बोट दाखवत नसे, पण दर काही आठवड्यांनी एखादी नजर, एखादा हात झटकणं, असं चालू राहायचं. फेब्रुवारी 1989मध्ये एका लढतीत सॅव्हेज रिंगबाहेर एलिझाबेथच्या अंगावर आदळला, ती बेशुद्ध पडली, होगन तिला उचलून आत घेऊन गेला आणि सॅव्हेज एकटा मार खात राहिला. तिथे ठिणगी पडली. पाचव्या रेसलमेनियात दोघं भिडले आणि सॅव्हेजने पट्टा गमावला. दीड वर्ष लागलं या एका भांडणाला. आजच्या हिशोबाने ही चैनच म्हणायची.

पुढे एलिझाबेथ बाजूला झाली आणि कर्कश शेरी व्यवस्थापक म्हणून त्याच्या सोबत आली. मार्च 1991मध्ये लॉस एंजेलिसला सातव्या रेसलमेनियात सॅव्हेज आणि अल्टिमेट वॉरियर यांची लढत ठरली. हरेल त्याने निवृत्त व्हायचं. सॅव्हेजने वरच्या दोरीवरून एकामागून एक पाच वेळा कोपर मारत उड्या घेतल्या, तरी वॉरियर उठला. सॅव्हेज हरला. शेरी रागाने त्याला पडल्या पडल्या लाथा घालू लागली. एलिझाबेथ त्या दिवशी प्रेक्षकांत बसलेली होती. ती धावत आली, शेरीला केसांना धरून बाहेर भिरकावलं. सॅव्हेजला समोर कोण आहे हे कळायला क्षणभर लागला, मग दोघांनी मिठी मारली. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला तर माणसं खरोखर रडत होती. आणि रिंगमधून बाहेर पडताना तिने सवयीने दोऱ्यांना हात घातला, तर त्याने तिला थांबवलं आणि या वेळी त्याने तिच्यासाठी दोऱ्या धरल्या.

दोऱ्या धरण्याच्या त्या एका कृतीचा अर्थ कळायला मागची वर्षं पाहिलेली असावी लागतात. पाच मिनिटांची चित्रफीत बघून तो लागत नाही.

याच सॅव्हेजची रिकी स्टीमबोटबरोबरची लढतही जुने लोक हमखास काढतात. 29 मार्च 1987, मिशिगनमधलं पाँटिअॅक सिल्व्हरडोम, तिसरा रेसलमेनिया. 1986च्या शेवटी सॅव्हेजने स्टीमबोटच्या गळ्यावर रिंगची घंटा घेऊन उडी मारली होती. त्यानंतर कितीतरी आठवडे स्टीमबोट बोलायला पुन्हा शिकतो आहे अशी दृश्यं दाखवली गेली. सॅव्हेजला प्रत्येक डाव आधी लिहून, घोकून ठेवायची सवय होती आणि या लढतीसाठी दोघांनी तेच केलं. साधारण पंधरा मिनिटांत इतक्या वेळा वाटतं की आता संपलं, आणि दर वेळी तीनची मोजणी पुरी होण्याआधी खांदा जमिनीवरून उचलला जातो. शेवटी सॅव्हेज पुन्हा तीच घंटा उचलतो आणि तीच त्याच्यावर उलटते. स्टीमबोटच्या बाजूने उभा असलेला जॉर्ज स्टील त्याला ढकलतो आणि स्टीमबोट गुंडाळी करून तीनची मोजणी मिळवतो.

त्याच रात्री शेवटी होगन आणि आंद्रे द जायंट. कंपनीने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा 93,173 होता. त्यावर वाद आहे, पण छायाचित्रांत दिसणारा जनसमुद्र खोटा नाही. निव्वळ डावपेच बघितले तर ही लढत साधारण आहे, हे मी स्पष्टच सांगतो. आंद्रेच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती, त्याला हालचालही कठीण जात होती. पण मित्र म्हणून हसत वावरणाऱ्या आंद्रेने काही आठवड्यांपूर्वी होगनच्या गळ्यातला क्रॉस ओरबाडला होता. लढतीच्या सुरुवातीलाच होगन त्याला उचलायला गेला आणि स्वतःच त्याच्याखाली चिरडला गेला. म्हणून नंतर जेव्हा त्याने 500 पौंडांच्या त्या देहाला उचलून आपटलं तेव्हा स्टेडियम हादरलं. आंद्रेने वेदनेत स्वतःला उचलू दिलं, मोठेपण दुसऱ्याच्या हवाली केलं. मला त्या लढतीत होगनपेक्षा आंद्रेच मोठा वाटतो. फेब्रुवारी 1988मध्ये याच दोघांची पुढची लढत अमेरिकेत एनबीसीवर 3 कोटी 30 लाख लोकांनी बघितली.

चाहत्यांच्या गप्पांत आणखी एक गोष्ट सतत येते, ती म्हणजे समालोचन. गोरिला मॉन्सून आणि बॉबी हीनन ही जोडी ऐकली नसेल तर 1992चा रॉयल रंबल लावा. चॅम्पियनशिप रिकामी होती, तीस जण एकामागून एक रिंगमध्ये येणार, शेवटी उरेल तो चॅम्पियन. हीनन हा रिक फ्लेअरचा सल्लागार. फ्लेअर तिसऱ्याच क्रमांकावर बाहेर आला, म्हणजे त्याला जवळपास पूर्ण वेळ टिकायचं होतं. पुढचा तासभर हीनन विनवतो, चिडतो, रडकुंडीला येतो, काल शिव्या दिलेल्याचे आज आभार मानतो, आणि मॉन्सून शांतपणे त्याला जमिनीवर आणत राहतो. फ्लेअर एक तास टिकला आणि जिंकला. आवाज बंद करून बघितलात तर त्यातला अर्धा जीव निघून जाईल.

याच्याही आधीचा काळ प्रादेशिक कंपन्यांचा. मेम्फिसला शनिवारी सकाळी स्थानिक स्टुडिओतून थेट कार्यक्रम लागायचा. डॅलसमध्ये 1982च्या ख्रिसमसच्या दिवशी टेरी गॉर्डीने पिंजऱ्याचं दार केरी व्हॉन एरिकच्या डोक्यावर आपटलं आणि त्यावर दोन घराण्यांसारखं वैर पुढची काही वर्षं चाललं. फिलाडेल्फियात जुन्या बिंगो हॉलमध्ये चालणाऱ्या ईसीडब्ल्यू या कंपनीचे चाहते वेगळेच. तिथला प्रेक्षक हा कार्यक्रमाचाच एक भाग होता. यातलं थोडं थोडं जरूर बघा, पण सुरुवात इथून नको.

सगळंच सोनं होतं असंही नाही. 1995 हे वर्ष मी कोणालाच सुचवणार नाही. स्त्रियांना ज्या पद्धतीने वागवलं गेलं त्यातलं बरंच आज बघवत नाही. आणि त्या पिढीतले कितीतरी जण फार लवकर गेले. एलिझाबेथ 2003मध्ये गेली, सॅव्हेज 2011मध्ये. व्हॉन एरिक भावंडांपैकी आज एकटा केव्हिन उरला आहे. 23 मे 1999ला कॅन्सस सिटीत छतावरून रिंगमध्ये उतरताना ओवेन हार्ट कोसळला आणि गेला, तरी त्या रात्रीचा कार्यक्रम पुढे चालू ठेवला गेला. तो कार्यक्रम मी लावत नाही. जुन्या गोष्टींवरच्या प्रेमात हे दुःखही येतं, आणि ते येऊ द्यावं.

आता दुसरा प्रश्न. पहिल्यांदा 1992चा रॉयल रंबल, कारण त्याला पूर्वतयारी फारशी लागत नाही. त्यात रमलात तर सॅव्हेजची 1987 ते 1991 ही वर्षं क्रमाने. मध्येमध्ये कंटाळा येईल, साध्या लढती येतील. त्या सरसकट गाळू नका. सॅव्हेजची नजर त्यांतच बदलत जाते.

त्यानंतर 1997. मार्चमध्ये शिकागोजवळ तेराव्या रेसलमेनियात ब्रेट हार्ट आणि स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन. सुरू झाली तेव्हा हार्ट नायक होता आणि ऑस्टिन खलनायक. शेवटी रक्ताने माखलेला ऑस्टिन हार न मानता शुद्ध हरपतो, हार्ट त्यानंतरही त्याला मारत राहतो, आणि बाहेर पडेपर्यंत दोघांच्या जागा बदललेल्या असतात. एका लढतीत दोन माणसांबद्दलचं लोकांचं मत इतकं स्वच्छ उलटताना मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला मॉन्ट्रियलमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमहनने हार्टने हार मानलेली नसताना घंटा वाजवायला लावली, हार्टला न सांगता. ती फसवणूक खरी होती. लोकांचा संताप खरा होता. मॅकमहनने तो संताप अंगावर घेऊन पडद्यावरचा दुष्ट मालक उभा केला, आणि 1998भर ऑस्टिन त्याला ठोकत राहिला. डब्ल्यूसीडब्ल्यूने प्रेक्षकसंख्येत 83 आठवडे सलग रॉला मागे टाकलं होतं. ती मालिका तुटली ती एप्रिल 1998मध्ये, ज्या रात्री ऑस्टिन आणि मॅकमहन रिंगमध्ये उतरणार असं जाहीर झालं त्या रात्री.

एवढं झालं की 1 एप्रिल 2001चा ह्यूस्टनचा रेसलमेनिया लावा. त्याच्या सहा दिवस आधी नायट्रो कायमचा बंद झाला होता. त्याची अखेरची लढत स्टिंग आणि फ्लेअर यांची होती. ह्यूस्टनला शेवटी ऑस्टिन आणि द रॉक. टेक्सास हे ऑस्टिनचं घर. तिथे तो जिंकण्यासाठी मॅकमहनची मदत घेतो आणि त्याच्याशी हात मिळवतो. प्रेक्षकांनी त्याला शिव्या द्याव्यात असा बेत होता. सदुसष्ट हजार लोक मात्र टाळ्याच वाजवत राहिले. 1998चे ते सगळे सोमवार आधी बघितलेत, तर त्या टाळ्या का थांबत नाहीत हे मला तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.