टेस्ट युनिट रेडी पाठवल्यावरच पेन ड्राइव्ह गप्प का होतो?

इन्क्वायरी (ड्राइव्हची ओळख विचारणारी), टेस्ट युनिट रेडी (तो तयार आहे का हे विचारणारी) आणि रीड कपॅसिटी (क्षमता विचारणारी) या क्रमाने कमांड पाठवल्या की तुमच्या यूएसबी होस्ट ड्रायव्हरला (ड्राइव्ह जोडलेल्या यंत्राच्या बाजूच्या सॉफ्टवेअरला) एका विशिष्ट पेन ड्राइव्हकडून उत्तरच मिळत नाही, आणि मधली कमांड काढली की तोच ड्राइव्ह चालतो, असे तुम्ही लिहिले आहे. ही मधल्या कमांडची खूण फार मोलाची आहे, त्यामुळे केबल आणि वीजपुरवठा तूर्त बाजूला ठेवा.

ड्राइव्ह अजून तयार नसेल, तर रीड कपॅसिटीचे ८ बाइट देण्याऐवजी तो बल्क-इन एंडपॉइंट (ड्राइव्हकडून होस्टकडे डेटा आणणारी वाहिनी) स्टॉल करतो, म्हणजे अडवून धरतो, आणि बल्क-ओन्ली (यूएसबी ड्राइव्हशी बोलण्याच्या पद्धतीच्या) नियमांत हे वर्तन वैध आहे. तुमचा ड्रायव्हर क्लिअर फीचर ही यूएसबी विनंती पाठवून स्टॉल काढतो. त्याच क्षणी ड्राइव्हच्या बाजूचा टॉगल (दर पॅकेटला ‘डेटा ०’ आणि ‘डेटा १’ असा आलटून-पालटून बदलणारी खूण) ‘डेटा ०’वर येतो, तुमच्या बाजूचा मात्र होता तिथेच राहत असावा. आता पॅकेट मोजा: इन्क्वायरीची माहिती, तिचे स्टेटस (कमांडच्या शेवटी येणारा निकाल) आणि टेस्ट युनिट रेडीचे स्टेटस, अशी ३ पॅकेट आत आल्यामुळे होस्ट ‘डेटा १’ची वाट पाहत असतो. ड्राइव्हने १३ बाइटांचे स्टेटस ‘डेटा ०’ म्हणून पाठवले की होस्ट कंट्रोलर त्याला जुन्या पॅकेटची पुनरावृत्ती समजतो, पोच देतो आणि ते टाकून देतो. पोच मिळाल्याने ड्राइव्हचे काम संपते आणि त्यानंतर तो केवळ नॅक (‘सध्या पाठवायला काही नाही’) देत राहतो. मधली कमांड नसेल तर पॅकेट २ होतात, टॉगल योगायोगाने जुळतो आणि दोष झाकला जातो. मी स्वतः याच दोषामागे ३ दिवस घालवले होते. यूएसबी ॲनालायझरवर (तारेवरची पॅकेट दाखवणाऱ्या उपकरणावर) पोच दिसत असल्याने ते पॅकेट ड्रायव्हरपर्यंत पोहोचलेच नसेल, अशी शंकाही मला आली नाही.

क्लिअर फीचर यशस्वी झाल्यावर फक्त त्याच एंडपॉइंटचा टॉगल शून्य करा, उलट दिशेच्या बल्क-आउटला हात लावू नका. मग स्टेटस वाचून त्याची लांबी, सिग्नेचर (स्टेटसची ठरलेली ओळखखूण) आणि टॅग (ते कोणत्या कमांडचे आहे हे सांगणारा क्रमांक) तपासा. स्टेटस ‘अयशस्वी’ सांगत असेल, तर अपयशाचे कारण विचारणारी रिक्वेस्ट सेन्स ही कमांड पाठवा: ‘नॉट रेडी’ किंवा ‘युनिट अटेन्शन’ (ड्राइव्हची स्थिती बदलल्याची सूचना) आल्यास थोडे थांबून पुन्हा विचारणे पुरते.

चाचणीसाठी रास्पबेरी पाय झिरो या छोट्या संगणकावर लिनक्सचे मास स्टोरेज गॅजेट (त्या संगणकालाच पेन ड्राइव्हसारखे वागवणारे सॉफ्टवेअर) चालवता येते. त्यात स्टॉलची सोय आहे, आणि माध्यम न जोडता ते सुरू केले की ‘तयार नाही’ ही स्थिती हवी तेव्हा मिळते. टेस्ट युनिट रेडी एकदा आणि दोनदा पाठवून, म्हणजे पॅकेटांची सम आणि विषम अशी दोन्ही संख्या घेऊन, चाचणी करा.