उत्तर: आईला धाप, पंपाने फरक नाही, रिपोर्टवर 'माइल्ड रिस्ट्रिक्शन'

आईंचं वय ६१, दोन जिने चढले की धाप, एक्स-रे नॉर्मल, तीन महिने पंप घेऊनही फरक नाही आणि पीएफटीवर (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) 'माइल्ड रिस्ट्रिक्शन', म्हणजे फुप्फुसं थोडी कमी फुगतात, असा शेरा. वाचून राहवलं नाही, कारण असल्याच शेऱ्यापायी आमच्या घरच्या पेशंटचे बरेच महिने फुकट गेले. (मी डॉक्टर नाही. औषधांचं तुमचे छातीचे डॉक्टरच ठरवतील.)

एक्स-रेवर विसंबू नका. दम्यात, सुरुवातीच्या सीओपीडीत (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) तो नॉर्मल येऊ शकतो. खरी मदार पीएफटीवर, आणि नेमकी तीच उरकली जाते. आमच्या सेंटरमधल्या टेक्निशियनने "फुंका... झालं" म्हणत दोन सेकंदांत नळी काढून घेतली. फुंकणं अर्धवट सुटलं की एफव्हीसी, म्हणजे छाती भरून घेऊन जोराने फुंकलेली एकूण हवा, खोटी कमी येते. एफईव्ही१ ही पहिल्याच सेकंदातली हवा, ती आहे तेवढीच राहते. मग दोन्हींचं गुणोत्तर (एफईव्ही१ भागिले एफव्हीसी) फुगतं, नळ्यांतला अडथळा झाकला जातो आणि मशीन बिनदिक्कत 'रिस्ट्रिक्शन' छापतं. खाली सही करणाऱ्याने आलेखाकडे ढुंकूनही पाहिलेलं नसतं. याची चीड अजून जात नाही.

तेव्हा शेरा सोडा, आलेख बघा. वेळेनुसार चढणारी रेषा शेवटी सपाट झालेली हवी. चढता चढताच तुटली असेल तर त्या एफव्हीसीवर भरवसा नको. नाकाला क्लिप, साधारण सहा सेकंद फुंकणं, किमान तीन चांगले प्रयत्न, आणि सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींत १५० मिलीच्या आतला फरक. पहिल्या सेकंदात खोकला आला तर तो प्रयत्न बाद. मग साल्ब्युटामॉल या श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचे ४ पफ (४०० मायक्रोग्रॅम), १५ मिनिटं थांबून पुन्हा सगळं. त्यानंतरही गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर संशय सीओपीडीचा. एफईव्ही१ १२ टक्के आणि २०० मिलीने वाढली तर दम्याकडे कल. औषधानंतरचा रकाना कोरा असेल तर टेस्ट अर्धीच झाली. टेस्टआधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा हे डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

नीट केलेल्या टेस्टमध्येही रिस्ट्रिक्शनच आलं, तरी नुसत्या फुंकण्याने ते सिद्ध होत नाही. त्याला फुप्फुसाचं एकूण आकारमान मोजावं लागतं. जोडीला डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो याची तपासणी) आणि गरजेप्रमाणे एचआरसीटी (छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन). चांगले पल्मोनोलॉजिस्ट त्याआधीच पाठीला खाली स्टेथोस्कोप लावून वेल्क्रो उघडल्यासारखा आवाज येतो का ते ऐकतात आणि विचारत बसतात: चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केला? गॅलरीत कबुतरं आहेत? पूर्वी टीबी झाला होता? ही उत्तरं कागदावर लिहून न्या. आई सिगारेट ओढत नाहीत म्हणून सीओपीडी नसेलच, असं कुणी म्हणालं तर माझ्या मते डॉक्टर बदला.

दरम्यान पंप कसा घेतात ते एकदा समोर बसून पाहा. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायची पोकळ नळी) एका वेळी एकच पफ, सावकाश ओढून दहा सेकंद रोखायचा. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरून थुंकायची. आणि स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नका. प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होऊन औषध आतच चिकटतं. तसाच निथळत ठेवा.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसले तर इथे विचारत बसू नका, सरळ कॅज्युअल्टी गाठा.